कच्चे टाके

माझी लेक मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवत असते. जुन्या साडीचे पडदे, आंब्याच्या पेटीचं कपाट, करवंटीचा दिवा, आणि वर मोठ्या अक्षरांत 'कमी खर्चात घर सजवा'. त्यात कुणीतरी मुलगी हसत हसत कातर चालवते आणि दोन मिनिटांत तिची खोली ओळखू येईनाशी होते. लेक खाली लिहिते, 'आई, हे सगळं आपले मास्तर करायचे ना?' पुढे एक हसरा चेहरा. मी फोन पालथा ठेवते. तिला हसू येतं याचा मला संताप येतो, पण तो काढू कुणावर? त्या दिवशी कातर माझ्या हातात होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या वाडीचा तिठा आहे, तिथे त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन आणि एक माणूस मावेल एवढी खोली. दुसरा आला की तो बाहेर उभा राहूनच माप द्यायचा. गळ्यात टेप कायम. देवळात टेप, बाजारात टेप, मयताला टेप. एकदा कुणाच्या तरी मयताला गेले आणि तिरडीकडे बघत बोटांनी वीत मोजायला लागले, तेव्हा लोकांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं. अंगातला सदरा स्वतः शिवलेला, पण त्याला खिसा नसे. का नाही विचारलं तर म्हणायचे, "खिसो केलो की त्यात काय ना काय घालूची बुद्धी होता." हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं. नको तेव्हा आठवलं.

लग्न केलं नव्हतं. बायका मुद्दाम विचारायच्या, मास्तर, का हो? तर टेपेची दोन टोकं जुळवून दाखवायचे आणि म्हणायचे, "माप जुळाक नाय." बायका हसायच्या. मी त्यांच्यात असायचे, म्हणजे मीही हसत असणार.

बाजारात तयार कपडे आले आणि मास्तरांकडे नुसती ब्लाउजं आणि उसवलेल्या पँटी उरल्या. दुसरा कुणी असता तर मुंबईला गेला असता नाहीतर दारूला लागला असता. मास्तर घरांना लागले. अंगाची मापं घ्यायला कुणी येईना, म्हणून घरांची घ्यायला लागले. कुणाकडे हळदीकुंकवाला माणसं जमली की हे बाहेर अंगणात, खळ्यात उभे, टेप भिंतीला लावून. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा टेम्पो होता, घाटात गेले. मागे दोन खोल्या, अर्ध्या भिंतींना गिलावा आणि अर्ध्यांचे चिरे उघडे, आणि आठवीतली मुलगी. मी अंगणवाडीत सेविका. मास्तर दारात उभे राहिले, आत नजर फिरवली आणि म्हणाले, "तुझ्या खोलयेचो गळो बारीक आसा गो बाये. माणसाक आत येवचासा वाटणा नाय."

मी म्हटलं, मास्तर, घराला गळा असतो होय? पैसे नाहीत माझ्याकडे गळा रुंद करायला.

"पैसे कोण मागता? घरात काय आसा ता दाखय."

घरात काय होतं? रेशनच्या धान्याच्या गोणी, आंब्याच्या दोन मोडक्या पेट्या, यजमानांच्या चार लुंग्या. मास्तरांनी चुन्यात नीळ कालवून भिंती पांढऱ्या केल्या. उघड्या चिऱ्यांना रंग लावला नाही. म्हणाले, तो चांगला दगड आहे, त्याला लाज कसली. खाली भिंतभर गेरूचा पट्टा ओढला, त्याला ते परकराचा काठ म्हणायचे. गोणी धुऊन, गेरूच्या पाण्यात बुडवून खिडक्यांना लावल्या, तर दुपारच्या उन्हात खोलीत तांबूस उजेड पडायला लागला. पेट्या सुंभाने बांधून भिंतीला टेकवल्या, त्याचं पुस्तकांचं कपाट झालं. लुंग्या कडेला कडा जोडून त्यांची चादर झाली. चार दिवस राबले आणि चार दिवस माझ्याकडची पेज जेवले. मुलीला त्या चादरीवर अभ्यासाला बसलेली बघून मी आत जाऊन रडले. ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना बरं वाटेल असं मी काहीच कधी सांगितलं नाही, आता हिशेब लावून काय उपयोग.

अंगणवाडीही त्यांनीच लावली. गोणपाटावर रंगीत कापडाची अक्षरं टाचली, रापण ओढणाऱ्या कोळ्यांच्या फाटक्या जाळ्याचे तरंगते बोंडे ओवून मुलांना मोजायला माळ केली. तालुक्याहून पर्यवेक्षिका आल्या, खूश झाल्या आणि वही उघडून मास्तरांना विचारलं, हा खर्च कुठल्या निधीतून केला? मास्तर म्हणाले, "कापडाच्या तुकड्यांतसून." बाईंनी ते लिहावं की नाही या विचारात पेन तसंच धरून ठेवलं.

त्यांची एक पद्धत होती, आणि सगळं पुढचं त्या पद्धतीवरच फिरलं, म्हणून सांगते. ते खिळा मारत नसत आणि काही कापत नसत. बांधायचं, दुमडायचं, टाचायचं. शिवायचं तेही कच्च्या टाक्यांनी. कच्चा टाका म्हणजे शिंपी पक्क्या शिलाईच्या आधी लांब लांब पांढरा दोरा घालतो ना, तो. एक टोक धरून ओढलं की सर्रकन निघतो आणि कापडाला कळतही नाही. एवढं सगळं करून पक्की शिलाई का घालत नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "पक्को टाको घालूक माणूस मालक लागता. आमी खयचे मालक? आमचो कच्चो टाको बरो."

खरे मालक मुंबईत होते. आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरं बंद. चतुर्थीला, भराडीदेवीच्या जत्रेला आणि मे महिन्यात उघडतात, उरलेलं वर्ष कुलूप. त्या सगळ्या घरांच्या किल्ल्या मास्तरांकडे, कारण तिठ्यावर दिवसभर बसणारा माणूस तोच. दुकानात मशीनमागे किल्ल्यांचा जुडगा लटकायचा. चिठ्ठी नाही, नंबर नाही. प्रत्येक किल्लीला कापडाची चिंधी. त्या घराला कधीतरी शिवलेल्या कपड्याचा तुकडा. पोपटी फुलांची चिंधी म्हणजे अमक्याच्या बायकोचा ब्लाउज, निळी रेघ म्हणजे तमक्याच्या मुलाचा शाळेचा सदरा. दर आठवड्याला दोन घरं उघडायचे, वारा घालायचे, कोळ्यांची जाळी काढायचे, बिजागऱ्यांना तेल द्यायचे.

आणि वस्तू हलवायचे. ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं, आज कुणी कबूल करत नाही ती गोष्ट वेगळी. एका बंद घरातला बाकडा दुसऱ्याच्या बारशाला, एकाचा लामणदिवा दुसऱ्याच्या साखरपुड्याला. वाडीत कार्य निघालं की यजमानीण बाई मास्तरांच्या दुकानासमोरून उगाच दोन फेऱ्या मारायची, बास, मास्तर समजायचे. "बंद घरातली वस्तू खुळावता," ते म्हणायचे, "तिका अदीमदी माणसा दाखवूक होयी." चाकरमानी यायच्या आधी सगळं जागच्या जागी. ज्या घरातून काही नेलं त्या घराला ते बदली काहीतरी करून ठेवायचे. उशीला नवा अभ्रा, न्हाणीला चुना. वरच्या घरातली म्हातारी तर जिवंत असताना स्वतः सांगायची, "ने रे मास्तरा, पडान काय करतला? तूच माझ्यापेक्षा ह्या घराक जास्त वळाखतंस." मी माझ्या कानांनी ऐकलंय. पण म्हातारी मुंबईला मुलाकडे गेली आणि तिथेच वारली, आणि मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

लेकीला फोंडाघाटचं स्थळ सांगून आलं तो कार्तिक महिना होता. मुलगा गोव्यात औषधांच्या कंपनीत, घरचं बरं, मागणं काही नाही. एकच गोष्ट मध्यस्थाने सांगितली, मुलाची आई घर बघते. मी हादरले. माझं घर मास्तरांनी लावलेलं असलं तरी दोन खोल्यांचं होतं, आणि गोणीचे पडदे मला रोज आवडत असले तरी त्या दिवशी ते मला गोणीच दिसायला लागले. मी दुकानासमोरून दोन फेऱ्या मारल्या. मी इतरांपेक्षा वेगळी नव्हते.

मास्तरांनी वरच्या घरातून कोरीव बाकडा आणला, मोठा आरसा आणला आणि दोन खोल्यांच्या मधल्या दाराला लावायला एक साडी आणली. हिरवी, लाल काठाची, पदराला हातभर जर. म्हातारीच्या पेटीतली. बांबूवर मधोमध टाकून दोन्ही टोकं खाली सोडली, पदर बाहेरच्या खोलीकडे. साडी लांब, दार बुटकं. जास्तीचा पदर आत दुमडून त्यांनी कच्चे टाके घातले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाये, ह्येका कातर लावू नको. टाचणी पण नको. जशी हाडलंय तशी परत जावची आसा." मी हो म्हटलं. त्यांची कातर तेवढी कोनाड्यात विसरून गेले.

रविवारी पाहुणे आले. पाच माणसं, बाकड्यावर बसली, आरशात बघून पदर सारखे केले. मुलाच्या आईने घर बघितलं, म्हणजे खरंच बघितलं, उठून आत जाऊन. परत येताना दुमडलेल्या पदराचं ओझं खाली आलं होतं, त्यात तिचा पाय अडकला. ती पडली नाही, फक्त दाराची चौकट धरली. मग बसली आणि म्हणाली, "घर बरा लावलंस हां बाई. पडदो तेवढो भुयर लोळता."

वाईट हेतूने म्हणाली नव्हती. आज ती माझी विहीण आहे, मला माहीत आहे, तिला जे दिसतं ते ती बोलते. पण मला आठवडाभर तेच एक वाक्य ऐकू येत राहिलं. पुढच्या रविवारी मुलाचे काका आणि आत्या येणार होते, त्यानंतर होकार कळवणार होते. मी शनिवारी दुपारी मुलीला म्हटलं, धर गो हे टोक. तिने विचारलं, मास्तर काय म्हणतील? मी म्हटलं, मास्तर तुझं लग्न करून देणार नाहीत. तिने धरलं आणि मी त्यांच्याच कातरीने दुमडलेला पदर कापून काढला. हातभर. कातर धारदार होती, जरीवरसुद्धा अडली नाही. मग सुई घेऊन काठ आत मोडला आणि हातशिलाई घातली. छान बसला पडदा. भुईपासून दोन बोटं वर.

कापलेला तुकडा मी रविवारी सकाळी न्हाणीच्या चुलीत घातला, पाहुणे यायच्या आधी आंघोळीचं पाणी तापत होतं तेव्हा. मास्तरांनी बघू नये म्हणून. कापड लगेच जळलं. जर तेवढी राखेत काळी गुंतवळ होऊन राहिली, ती माडाच्या आळ्यात पुरली. एवढं निगुतीने मी दुसरं कुठलं काम आयुष्यात केलं असेल असं वाटत नाही.

काका आणि आत्या आले, चहा-पोहे झाले, हसत गेले. आणि सोमवारी वरच्या घरातला मुलगा मुंबईहून न सांगता आला. चतुर्थी नाही, जत्रा नाही, मे नाही. घर विकायचं मनात होतं, गिऱ्हाईक दाखवायला आणलं होतं. बघतो तर बाकडा नाही, आरसा नाही, आईच्या पेटीचं झाकण नीट लागलेलं नाही. तो तिठ्यावर मास्तरांकडे गेला. मास्तरांनी मशीनवरून मानही वर केली नाही असं बघणारे सांगतात. म्हणाले, "तुमचा सामान खंय जावक नाय. खाली बाईच्या घराक आसा. चला, दाखयतंय." जराही घाबरले नव्हते. घाबरायचं त्यांना काही कारणच दिसत नव्हतं.

मी अंगणवाडीतून नुकतीच आले होते. दारात दहा-बारा माणसं. मुंबईचा मुलगा आत आला. आरशाकडे बघितलं, बाकड्याकडे बघितलं, तोवर तो नुसता चिडलेला होता. मग त्याला साडी दिसली. त्याने पुढे होऊन ती हातात घेतली, वास घेतला, आणि टोक शोधायला खाली वाकला.

"पदर कुठे आहे हिचा?"

त्याने साडी बांबूवरून ओढून खाली घेतली.

"माझ्या लग्नात नेसली होती आई. पदर कुठे आहे? कोणी कापली ही?"

तो उंबऱ्यावर बसला. पन्नाशीचा माणूस, साडीचा बोळा मांडीवर घेऊन बसला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मास्तरांनी वाकून साडीचा काठ चिमटीत धरला. माझी शिलाई बोटाने चाचपली. मग त्यांची नजर कोनाड्यातल्या कातरीवर गेली, तिथून माझ्या मुलीवर, आणि मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. "मी कापलंय," ते म्हणाले. "माझ्याच कातरीन."

लोक कुजबुजायला लागले. तेव्हा मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं, गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण फोंडाघाटहून होकार यायचा होता, आणि दारातल्या माणसांतली दोन तोंडं अशी होती की संध्याकाळपर्यंत तिकडे बातमी पोचती. मी शुद्ध मराठीत बोलले, तालुक्याच्या मीटिंगमध्ये बोलते तशी. म्हणाले, "मला याची काहीच कल्पना नव्हती. मास्तरांनीच सगळं आणून लावलं."

अर्धं खरं होतं. त्याचीच मला जास्त किळस येते.

बाकडा उचलायला मास्तरांनी पुढचं टोक धरलं, मागचं कुणी धरेना, मग मुंबईच्या मुलानेच धरलं. दोघे तो बाकडा घेऊन घाटी चढून गेले. लोकही पांगले. पोलिसांत कुणी गेलं नाही, हा मोठेपणा म्हणून वाडीने बराच काळ सांगितलं.

संध्याकाळी लेक भाकरी भाजता भाजता म्हणाली, "आई, तू बोललीस ते बरं झालं." मी तव्याकडे बघत राहिले. तिला मीच वाढवली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, कातर न्यायला. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी घरातल्या उरलेल्या सगळ्या वस्तूंचे कच्चे टाके काढले. खिडक्यांच्या गोण्या, चादरीची झालर, कपाटाचा पडदा. दोरा ओढायचा, बोटाला गुंडाळायचा, पुढचा ओढायचा. सगळ्या वस्तू घडी करून माझ्या पुढ्यात ठेवल्या. त्या माझ्याच होत्या, मी म्हटलं, मास्तर, ते राहू द्या ना. ऐकलं नाही. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "हातशिलाई सरळ घातलंस बाये. दोरो तेवढो जाड घेतलंस. पदराक बारीक लागता."

एवढंच. शिंपी होते, शिलाईबद्दल बोलले. कुणी मला थोबाडीत मारली असती तर मी ती विसरले असते.

होकार आला. त्याच आठवड्यात मुंबईच्या लोकांनी मोबाइलवरच्या वाडीच्या ग्रुपवर ठरवलं की किल्ल्या मास्तरांकडे ठेवणं योग्य नाही. त्या कुणाकडे द्याव्यात यावरही एकमत झालं. अंगणवाडीच्या बाईंकडे. सरकारी माणूस, एकटी, सरळ. मास्तर स्वतः जुडगा घेऊन आले आणि तासभर ओटीवर बसून मला एकेक चिंधी समजावली. "ह्या घराचा मागचा दार पावसात फुगता, खांदो लावन ढकल. ह्या पोपटी. हंय कौलांतसून मांजर येता, तेका हाकलू नको, उंदीर खाता." शाळा शिकवावी तसं शिकवलं. त्यांनी माझ्या हातात जुडगा दिला तेव्हा त्यांच्या गळ्यात टेप नव्हती. मला ते नंतर लक्षात आलं.

मी किल्ल्या फार चोख सांभाळल्या. सगळे मुंबईकर माझं कौतुक करतात. त्या घरांतली वाटीसुद्धा मी कधी इकडची तिकडे केली नाही. महिन्याला एकदा दार उघडते, बघते, लावते. वरच्या घरातला तो आरसा कडेने काळा पडलाय. बाकड्याचा मागचा पाय वाळवीने खाल्ला, पण बाकडा जागचा हललेला नाही. घर काही विकलं गेलं नाही. वाडीत आता कार्य निघालं की कुडाळहून मंडपवाला येतो, प्लास्टिकची फुलं आणि चकचकीत पडदे लावून संध्याकाळी काढून नेतो.

मास्तरांवर कुणी बहिष्कार घातला असं नाही. आमच्याकडे तसं होत नाही. फक्त ब्लाउज शिवायला टाकायचं झालं की बायका बाजारात जायला लागल्या, आणि घरात बोलावणं बंद झालं. चोर असं तोंडावर कुणी म्हटलं नाही. ते मशीनपुढे बसून राहायचे. मी अंगणवाडीला जाताना रोज त्यांच्या समोरून जायचे, त्याशिवाय रस्ताच नाही. ते मान हलवायचे, मीही हलवायचे.

लेकीच्या लग्नानंतर मी एकदा लाडू घेऊन गेले. ठरवूनच गेले होते, आज सांगायचं की वाडीत मी खरं बोलणार आहे. मास्तरांनी लाडू घेतला, पाणी दिलं आणि विचारलं, "चेडवाच्या घराक खिडक्यो किती?"

तीन, मी म्हटलं.

"तीन म्हणजे उजेड बरो." आणि हाताने हवेत माप घेतलं, रुंदीचं, मग उंचीचं. "पडदे कसले लावल्यान?"

विकतचे लावलेत, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी पेला पालथा घातला आणि घरी आले. वाक्य घशापर्यंत आलं होतं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. खोटं आहे ते. घशापर्यंत काही आलं नव्हतं. मुलगी नुकती सासरी गेली होती आणि मला ते सगळं आहे तसं राहायला हवं होतं.

यंदा श्रावणात मास्तर गेले. मशीनवर डोकं टेकून बसलेले सापडले. बाराव्याला वाडी जमली, मुंबईहूनही चार जण आले, त्यात वरच्या घरातला मुलगा होता. त्याचे केस पांढरे झालेत. शेजारच्या काकींच्या ओटीवर सगळे बसले आणि मास्तरांबद्दल बोलायला लागले. कसे खिसा नसलेला सदरा घालायचे, कसं माप घ्यायचे. काकी, ज्यांच्या तीन मुलींच्या साखरपुड्याला मास्तरांनी बंद घरांतून दिवे आणले होते, त्या डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखो. एक ती खोड सोडली तर." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग मी बोलले. या वेळी मीटिंगसारखी नाही, घरी बोलते तशी बोलले.

"ती साडी मी कापलंय," मी म्हटलं. "माझ्या हातान. मास्तरांका ठावक पण नव्हता."

काकींचा पदर डोळ्यांवरून खाली आला. मला वाटलं, झालं. सात वर्षं ज्याला भ्याले ते आता होणार, आणि होऊ दे, व्हायलाच हवं. कुणीतरी विचारेल पदराचं काय केलंस, आणि मी माडाचं आळं दाखवीन, तिथे आता काही असो वा नसो.

काकींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बाईचा मन बगलात?" त्या इतरांना म्हणाल्या. "मेलेल्या माणसाचो दोष आपल्यार घेवक कोणाक जमता?"

"तसा नाय," मी म्हटलं. "खराच मी कापलंय. चेडवाक विचारा."

"बाई, तुम्ही कशाला त्रास करून घेता?" वरच्या घरातला मुलगा म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "इतकी वर्षं आमची घरं सांभाळलीत, तुम्हाला आम्ही ओळखत नाही का? आणि माझ्या मनात आता काही नाही. मी मास्तरांना केव्हाच माफ केलंय."

सगळ्यांना ते आवडलं. कुणीतरी म्हणालं, चांगलं बोललात. मी पुन्हा एकदा तेच वाक्य म्हटलं, पण तोवर चहा आला होता आणि पेले इकडून तिकडे जात होते. काकींनी एक पेला माझ्या हातात दिला.

"घे गो," त्या म्हणाल्या, "थंड होतलो."

मी चहा प्यायले.